प्रोव्हिजन, सॅफ्रन आणि हळदीची पानं

पुण्याहून कुणाचाही फोन आला की तब्येत-पाणी झाल्यावरचा प्रश्न ठरलेला असतो: "अगं, तिथे किराणा मिळतो का? तूरडाळ कुठून आणतेस?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आम्ही ग्रेनेडात राहतो. कॅरिबियन समुद्रात त्रिनिदादच्या उत्तरेला असलेला हा देश, कॅरियाकू आणि पेटिट मार्टिनिक ही धाकटी बेटं धरूनही, अवघा 344 चौरस किलोमीटरचा. मुंबईच्या निम्म्याहून थोडा मोठा. तांदूळ, डाळी, कांदे, लसूण, चीज हे जवळजवळ सगळं बोटीनं येतं. त्यामुळे सुपरमार्केटात आज काय मिळेल हे कंटेनर कधी उतरला त्यावर ठरतं. एखाद्या आठवड्यात दही नसतं, एखाद्या आठवड्यात बटाटे. इथे आल्यावर पहिले काही महिने मी घरून यादी लिहून निघायचे. आता आधी फळ्या बघते, मग स्वयंपाक ठरवते. जून ते नोव्हेंबर वादळांचे महिने, तेव्हा तांदूळ-डाळीचा डबा अर्ध्याखाली जाऊ देत नाही.

तूरडाळ क्वचितच दिसते. दुकानात जी 'दाल' मिळते ती पिवळ्या वाटाण्याची. भारतातून करारावर आणलेल्या मजुरांचं पहिलं जहाज, मेडस्टोन, 1857 च्या मे महिन्यात इथे लागलं. त्यांचे आणि त्रिनिदादहून आलेले शब्द अजून दुकानांत आहेत. जिऱ्याच्या पाकिटावर 'गीरा' लिहिलेलं असतं, आणि दालपुरी कुठेही मिळते. वाटाण्याच्या डाळीचं पुरणही चांगलं होतं, फक्त ती जास्त शिजवायची नाही.

पण ओली तूर! ती इथे परसात वाढते. तिला 'पिजन पी' म्हणतात. नाताळाच्या सुमारास शेंगा बाजारात येतात आणि बायका गप्पा मारत त्या सोलत बसलेल्या असतात. नागपूरच्या माझ्या मावशीनं हे पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी सोल्यांची आमटी टाकली असती. डाळीसाठी मी दुकानं पालथी घालत होते आणि तूर भाजीच्या बाजारात बसली होती, हे कळायला मला पूर्ण वर्ष लागलं.

म्हणून खरी खरेदी शनिवारी सकाळी, राजधानी सेंट जॉर्जेसच्या मार्केट स्क्वेअरमध्ये. तिथे आधी "गुड मॉर्निंग" म्हणायचं, मग भाव विचारायचा. तसं न करता थेट "हे केवढ्याला?" म्हटलं तर उत्तर येतं, पण मन लावून येत नाही. बराचसा माल वाट्यानं मांडलेला असतो, आपल्या आठवडी बाजारात असतो तसाच. आणि 'प्रोव्हिजन' मागितलीत तर तुमच्यापुढे साखर-पोहे येणार नाहीत, कंदमुळं येतील: अळकुड्यांसारखं डशीन, टॅनिया, कोनफळाच्या जातीचं याम, रताळी. डशीनची पानं म्हणजे आपलं अळूच. त्याचं कालालू करतात, नारळाचं दूध घालून. मी चिंच-गूळ घालून फदफदं करते आणि शेजारणीला वाटीभर देते. तिचं कालालू माझ्याकडे येतं. गोल्डन ॲपल हाती घेऊन वास घेतला आणि आजोळच्या अंबाड्यांची आठवण आली. त्याचं लोणचं आता दरवर्षी घालते. ब्रेडफ्रूट म्हणजे कोकणातला नीरफणस. जायफळाचं तर काय सांगू, ते या देशाच्या झेंड्यावरच आहे. 2004 च्या सप्टेंबरात इव्हान वादळानं जायफळाची बहुतेक झाडं पाडली. नव्या रोपाला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, त्यामुळे बाजारातल्या आज्या अजून 'इव्हानच्या आधी' आणि 'इव्हाननंतर' असा काळ मोजतात. श्रीखंडावर जायफळ किसताना मला आता ते आठवतं. जुलै 2024 मध्ये बेरिल वादळ आलं. कॅरियाकू उद्ध्वस्त झालं, आमच्या बेटाच्या उत्तरेकडच्या बागाही झोडपल्या गेल्या. त्यानंतर माझ्या नेहमीच्या भाजीवालीच्या टेबलावर केळ्यांची जागा बरेच दिवस रिकामी होती. ती मात्र दर शनिवारी आली, आल्याचे चार वाटे मांडून बसायला.

तिच्याकडेच मला पहिल्यांदा 'सॅफ्रन' दिसलं. केशर इतकं स्वस्त कसं म्हणून वाकून पाहिलं, तर ओली हळद! इथे हळदीला सॅफ्रन म्हणतात. पहिल्या श्रावणात मी तिला विचारलं, "याची पानं मिळतील का?" ती थबकली. पानांचं कुणी काही करत नाही, शेतात पडून राहतात, म्हणाली. पातोळ्या कशा करतात ते तिला सांगितलं: तांदळाची पिठी, आत गूळ-खोबरं, पान दुमडून वाफवायचं. पुढच्या शनिवारी तिनं टेबलाखालून ओल्या कापडात गुंडाळलेली जुडी काढली. पैसे घेईना. मग मी पातोळ्याच नेल्या. तिनं पान उलगडलं, आधी खोल वास घेतला आणि शेजारच्या टेबलावरच्या आजीला हाक मारली.

आता ऑगस्ट लागला की मला मागावं लागत नाही. "डार्लिंग, युअर लीफ," म्हणते आणि दोन जुड्या पुढे करते. एक माझी. दुसरी तिची, वाफवून परत आणायची.