पडद्यावर न येणारा पाहुणा

बड्या पाहुण्याच्या स्वागतासाठी उडणाऱ्या तारांबळीवर विनोदी चित्रपट पुष्कळ निघाले, परंतु १९९३ सालचा 'क्विझीन ए देपांदांस' हा फ्रेंच चित्रपट मला त्या सगळ्यांत सरस वाटतो, कारण ज्याच्यासाठी ही सारी सरबराई चालली आहे तो पाहुणा आपल्यासमोर येतच नाही. आन्येस झावी आणि झाँ-पिएर बाक्री यांनी आपल्याच नाटकावरून त्याची पटकथा लिहिली, दिग्दर्शन फिलीप म्युईल यांनी केले, आणि हे दोघे लेखक त्यात महत्त्वाच्या भूमिकांतही आहेत.

मार्तीन आणि झाक या जोडप्याने एका जुन्या मित्राला सपत्नीक जेवायला बोलावले आहे. मधल्या वर्षांत हा मित्र दूरचित्रवाणीमुळे प्रसिद्ध झाला आहे, आणि तो बराच उशिरा येऊनही त्याला कोणी चकार शब्द बोलत नाही. मैफल बैठकीच्या खोलीत रंगते. आपण मात्र बहुतेक वेळ स्वयंपाकघरात असतो. काहीतरी आणण्याच्या निमित्ताने एकेक जण तिथे येतो, दिवाणखान्यातले हसू चेहऱ्यावरून उतरवतो आणि मनातली मळमळ बाहेर काढतो. मार्तीनचा जीव टांगणीला लागलेला, झाक पाहुण्याची मर्जी राखण्यात गुंतलेला, मार्तीनचा जुगारी भाऊ फ्रेद पैशांच्या विवंचनेत, आणि याच घरात मुक्कामाला असलेला झॉर्झ पाहुण्याचे नाव काढले तरी भडकणारा.

बाक्री यांनी साकारलेला झॉर्झ मला विशेष आवडतो. सगळ्यांनी पाहुण्यापुढे मान तुकवली असताना हा एकटाच कपाळाला आठ्या घालून बसतो. पण त्याच्या तत्त्वनिष्ठ बोलण्याखाली हेवा आणि जुने दुःखही आहे, कारण पाहुण्याची पत्नी शार्लोत हिच्यावर त्याचे एकेकाळी प्रेम होते. झावी यांची शार्लोत शांत आहे, आणि ती स्वयंपाकघरात आली की इतका वेळ तावातावाने बोलणाऱ्या झॉर्झचा सूरच बदलतो. हे दोघे समोरासमोर असताना संवाद हलक्याफुलक्या वाटेने सुरू होऊन कधी बोचरे होतात, ते कळतही नाही.

पाहुणा दिसला असता तर आपण त्याला जोखत बसलो असतो. तो दिसत नाही, म्हणून आपली नजर यजमानांवरच खिळून राहते, आणि त्याचे मोठेपण किती अंशी त्यांनीच उभे केले आहे हे लक्षात येते. केवळ एवढ्या एका निर्णयासाठीही मी हा चित्रपट पुन्हा पाहीन. कथानक तसे बेताचेच आहे आणि नाटकाचा ठसाही पुसला गेलेला नाही, तरी माझ्या मते बंद खोलीतली घुसमट त्यामुळेच टिकते.

हा चित्रपट आवडलेल्यांनी याच लेखकद्वयाच्या नाटकावरून सेद्रिक क्लापिश यांनी १९९६ साली केलेला 'अँ एर द फामी' जरूर पाहावा. तिथे पाहुण्याचीही गरज उरत नाही, घरची माणसेच एकमेकांना पुरून उरतात.