लच्छीला विचारणारं भूत

शाहरुखचा डबल रोल म्हणून 'पहेली' लोकांच्या लक्षात आहे. माझ्या मते तो सिनेमा राणी मुखर्जीचा.

२००५ चा, आपल्या अमोल पालेकरांचा. मूळ गोष्ट राजस्थानच्या विजयदान देथांची. लच्छीचं लग्न होतं आणि पहिल्याच रात्री नवरा, किसनलाल, हिशेबाच्या वह्या घेऊन बसतो. सकाळी पाच वर्षांसाठी व्यापाराला चालता होतो! तिच्यावर भाळलेलं भूत नवऱ्याचं रूप घेऊन घरात येतं, पण तिच्यापुढं खरं सांगून टाकतं. राहू की जाऊ, ते तूच ठरव. हा प्रसंग राणीचा. भीती, राग, मग ओढ, सगळं नुसत्या डोळ्यांत.

कापूस वेचून आल्यावर आम्ही जावाजावांनी टीव्हीवर पाहिला. मधेच सासूबाई म्हणाल्या, "भूत असन तं असन, पण त्यानं तिले इचारलं तं खरं!" जाऊ हसून हसून आडवी. तिचा नवरा दिवाळीपासून पुण्यात कामाला आहे, तरी हसली.

देथांच्या गोष्टीत आणि त्याच गोष्टीवरच्या मणी कौल यांच्या 'दुविधा' सिनेमात (१९७३) नवरा परत आल्यावर भूत लच्छीच्या हाताला पुन्हा लागत नाही. पालेकरांनी ते शेवटी नवऱ्याच्याच देहात घातलं. सासूबाईंना हे भारी आवडलं. मला जरा सोयीचं वाटलं, कारण त्या बिचाऱ्या किसनलालचं पुढं काय झालं, हे कोणीच पुसत नाही. वहीवाला असला तरी माणूसच होता ना तो.