फादरांविना 221 वर्षं : नागासाकीहून

नागासाकी स्टेशनापासून चालत पाचेक मिनिटांवर निशिझाका टेकडी आहे. इथे 5 फेब्रुवारी 1597 रोजी 26 जणांना क्रुसावर मारलं. त्यांतले एक आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया. पुढे 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि 1644 मध्ये जपानमधले शेवटचे धर्मगुरूही हुतात्मा झाले. धर्मगुरू नाहीत म्हणजे मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) नाही, कबुलीचा संस्कार नाही. एवढ्यावर ही ख्रिस्तसभा संपायला हवी होती. पण धर्मगुरूंचं काम गावकऱ्यांनी आपसांत वाटून घेतलं.

नागासाकीजवळच्या उराकामी गावात तीन पदं होती. 'चोकाता' पंचांग सांभाळी, 'मिझुकाता' स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) देई आणि 'किकियाकु' सणवारांचा निरोप घरोघर पोचवी. यात सर्वांत कठीण काम चोकाताचं. चर्चचे सण सौर वर्षाचे, तर जपानी महिने चांद्र आणि वर त्यात आपल्यासारखाच अधिक महिना. त्यामुळे 1634 च्या जुन्या पंचांगावरून दरवर्षी नव्यानं मेळ घालावा लागे. शिवणकाम वर्ज्य, शेतात खत घालणं वर्ज्य, असे दिवसही त्यातच ठरत.

प्रत्येक घराची नोंद बौद्ध मंदिरात करणं सक्तीचं होतं. ख्रिस्त-मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही हे सिद्ध करावं लागे. ते करून घरी आलं की मनापासून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. धर्मगुरू नसताना क्षमा कशी मागावी, हे 'कोंचिरिसान' या छोट्या पुस्तिकेत सांगितलेलं होतं. अंत्यविधीला भिक्षू मंत्र म्हणत असताना शेजारच्या खोलीत हे लोक आपल्या प्रार्थना पुटपुटत. सगळं तोंडपाठ असल्यामुळे लॅटिन-पोर्तुगीज शब्द झिजत गेले आणि काही ठिकाणी अर्थ हरवून नुसता उच्चार उरला. या व्यवस्थेची ही खरी उणीव होती.

1865 च्या फेब्रुवारीत परदेशी रहिवाशांसाठी नागासाकीतल्या ओउरा इथलं चर्च खुलं झालं. ते त्याच 26 हुतात्म्यांना, म्हणजे आपल्या गोन्सालोंनाही, अर्पण केलेलं आहे. 17 मार्चला उराकामीचे काही लोक तिथे आले. आमचा धर्म तोच आहे, असं त्यांनी तिथले फ्रेंच धर्मगुरू फादर पेतिजां यांना हळूच सांगितलं आणि मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारलं. दुःखाच्या काळाचा आज सतरावा दिवस, हेही ते बोलले. दुःखाचा काळ म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ; तो राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि त्या वर्षी राखेचा बुधवार 1 मार्चला होता. चोकातांचा हिशोब एका दिवसानंही चुकला नव्हता!

बंदी अजून उठलेली नव्हती. तरीही 1867 मध्ये उराकामीकरांनी भिक्षूंकडून अंत्यविधी करून घ्यायला उघड नकार दिला. पुढच्या काही वर्षांत सुमारे 3,400 जणांना दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केलं, त्यात सहाशेहून अधिक दगावले. या हद्दपारीला ते लोक 'ताबी' म्हणजे प्रवास म्हणत.

1873 मध्ये बंदीचे फलक उतरले. काही गटांनी मात्र चर्चमध्ये न येता पूर्वजांचीच रीत धरून ठेवली. त्यांना वाट चुकलेले म्हणणं आम्हाला पटत नाही, कारण त्यांच्याकडे जे होतं ते जिवावर उदार होऊन जपलेलं होतं. परतलेल्या उराकामीकरांकडे धड घरंही नव्हती. अशात 1874 मध्ये साथ आली, तेव्हा इवानागा माकी आणि तिच्या सोबतिणींनी रुग्णांची शुश्रूषा केली, अनाथ मुलांना जवळ केलं. या बायाही ताबीहूनच आल्या होत्या. पुढे गावानं जुन्या पाटलाच्या वाड्याची जागा विकत घेतली. प्रतिमेवर पाय ठेवायला त्यांना याच वाड्यात उभं करत. आजचं उराकामी कॅथेड्रल त्याच जागेवर आहे.