वर्धापनदिन आणि गाण्याची सेवा

सिग्मा अल्फा आयोटा या स्त्री संगीतकारांच्या आमच्या भगिनीसंघाची स्थापना १२ जून १९०३ रोजी मिशिगनमधील ॲन आर्बर येथे सात स्त्रियांनी केली आणि तिचा वर्धापनदिन आज आमच्या शाखेने ज्येष्ठ नागरिकांच्या निवासगृहात गाऊन साजरा केला. पुरुष संगीतकारांसाठी फाय म्यू अल्फा सिन्फोनिया ही संघटना बोस्टनमध्ये १८९८ सालीच उभी राहिली होती. स्त्रियांनी पाच वर्षांतच आपली स्वतंत्र वाट काढली, याचे मला समारंभापेक्षा अधिक अप्रूप वाटते.

संघाची खूण असलेले लाल गुलाब आणि लाल-पांढरे रंग, ठरलेल्या क्रमाने गायन, हे सारे यथासांग पार पडले. (विधींची मला मुळातच फारशी आवड नाही, हे घरच्यांना ठाऊक आहेच.) मात्र ऐंशी ओलांडलेल्या एका ज्येष्ठ भगिनीने थरथरत्या हातांनी पियानोची साथ धरली आणि श्वास कुठे घ्यावा, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द कसा पोहोचवावा, हे विशीतल्या मुलींना गाता गाता दाखवले, तेव्हा आईच्या भजनी मंडळात नव्या सुनांच्या हाती टाळ देऊन ठेका शिकवणाऱ्या काकूंची मला आठवण झाली.

श्रोत्यांना फर्माईश करता यावी आणि सोबत गाता यावे, म्हणून गीतांचे शब्द मोठ्या अक्षरांत छापून नेले होते, ते फारच उपयोगी पडले. कार्यक्रम लांबला, पण कोणीही उठले नाही.

पुढील महिन्यात जुनी स्वरलिपीची पुस्तके गोळा करून शाळांना द्यायची आहेत. ज्यांच्या कपाटात अशी पुस्तके पडून असतील, त्यांनी कृपया मला निरोप पाठवावा.