आमची वाटचाल : कराटेवाल्या बाईंचा तायक्वांदो क्लास

दापोलीत उतरून "तायक्वांदोचा क्लास कुठं?" असं विचारलंत तर समोरचा विचारात पडेल. "कराटेवाल्या बाई" म्हणा, रिक्षा थेट दारात येईल. कराटे जपानचं, तायक्वांदो कोरियाचं, हे सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी पाटी रंगवणाऱ्यालाच म्हटलं, खाली बारीक अक्षरांत 'कराटे' पण टाक बाबा. तेवढ्यानं चौकशीला येणारे वाढले, हे कबूल करते.

लग्नाआधी डोंबिवलीत मी आठ वर्षं तायक्वांदो केलं. सासरी येताना ब्लॅक बेल्ट पैठणीखाली घडी घालून आणला आणि विसरून गेले. एका श्रावणात कपाटाला बुरशी धरली म्हणून सासूबाई सगळं बाहेर काढत होत्या. पट्टा हातात घेऊन म्हणाल्या, "एवढी जाड नाडी कसली गो?" मी सांगितलं. पाऊस उघडला होता, त्यांनी पट्टा पडवीतल्या दोरीवर टाकला आणि म्हणाल्या, "मग शिकव की पोरांना. बसून काय करतेस?"

२००९ साली, गणपती झाल्यावर, एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये सुरुवात केली. सात मुलं, त्यांत दोन मुली, फी महिना दोनशे रुपये. मॅट नव्हत्या. खाली कोबा आणि त्यावर घरच्या सतरंज्या. पहिल्याच आठवड्यात सतरंजी सरकून एकाचा दात पडला. नशीब, दुधाचा होता. 'ते' म्हणजे पाय, 'क्वॉन' म्हणजे मूठ, 'दो' म्हणजे मार्ग, १९५५ साली हे नाव ठरलं, असं मी पालकांना तळमळीनं सांगायचे. पालकांचा प्रश्न एकच असायचा, दहावीला खेळाचे गुण मिळतात का? २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून हा पदकांचा खेळ आहे म्हटलं की मात्र माना हलायच्या.

डोबोक, म्हणजे आमचा पांढरा पोशाख, मुंबईहून मागवणं परवडेना. बाजारातल्या एका शिंप्याला नमुना दिला. त्यांनी सुंदर शिवला, इस्त्री करून दिला, आणि पहिल्या आप चागीला, समोरच्या साध्या लाथेला, पायजमा मधोमध टर्रकन फाटला. त्यांचं म्हणणं, "बाई, एवढा पाय वर जातो हे सांगायचं होतंत." मग त्यांनी स्वतः क्लासला येऊन, खुर्ची टाकून, तासभर लाथा बघितल्या. दोन्ही पायांच्या मधे जादा चौकोनी तुकडा घालायची युक्ती त्यांची. आज आसपासच्या तालुक्यांतल्या क्लासचे डोबोकही तेच शिवतात, आणि त्यातले चार पैसे आम्हालाही मिळतात. खरं सांगायचं तर पहिली तीन वर्षं हॉलचं भाडं फीमधून नाही, डोबोकमधून निघालं.

मंगल कार्यालयाची अडचण लग्नसराईत. एप्रिल-मे म्हणजे चाकरमान्यांची मुलं गावी येतात, आमचा कमाईचा मोसम, आणि नेमके तेव्हाच रोज मुहूर्त. मग कर्द्याच्या किनाऱ्यावर शिबिर घ्यायला लागलो. फोटो झकास येतात. पण वाळूत एक धोका आहे. डोल्यो चागी, म्हणजे बाजूनं गोल फिरवून लाथ, मारताना खालचा पाय चवड्यावर गर्रकन फिरायला हवा. ओल्या वाळूत तो रुतून बसतो, वरचं अंग फिरतं, आणि पीळ गुडघ्याला बसतो. म्हणून किनाऱ्यावर फक्त सरळ लाथा, पळणं आणि ठोसे. लोक व्हिडिओ बघून विचारतात, गिरकीच्या लाथा का नाहीत? त्यासाठी.

आता ज्याची मला अजून लाज वाटते ते. आमच्या पहिल्या पत्रकावर ठळक अक्षरांत होतं, 'तुमची मुलगी स्वतःचं रक्षण स्वतः करेल.' हा मजकूर माझाच. त्यानं मुलींची संख्या दोनाची एकवीस झाली. चौथ्या वर्षी एक ग्रीन बेल्ट मुलगी, अकरावीतली, क्लास सुटल्यावर मागे राहिली. संध्याकाळच्या एसटीत उभी होती, मागून एक माणूस हात लावत होता. "मॅडम, मला काहीच सुचलं नाही. लाथ मारायला जागाच नव्हती." ती रडत नव्हती, हे मला जास्त लागलं. जणू परीक्षेत नापास झाल्याचं सांगायला आली होती.

त्या रात्री नियमावली काढून बसले. आमच्या सामन्यात कमरेखाली लाथ मारायची नाही, चेहऱ्यावर ठोसा नाही, धरायचं नाही, ढकलण्याचेही नियम. धडावर लाथेला गुण, डोक्याला त्याहून जास्त, गिरकीची असेल तर आणखी. खेळ म्हणून हे सगळं योग्यच. पण एसटीतला माणूस सरळ धरतोच. तीन वर्षं मी या पोरीला आठ फुटांवरच्या प्रतिस्पर्ध्याशी लढायला शिकवलं होतं.

दुसऱ्या महिन्यापासून शनिवारची वेगळी तुकडी काढली. मनगट धरलं तर मागे ओढत बसायचं नाही. धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथं मिळतात ती पकडीची कच्ची बाजू, तिकडून हात वळवून काढायचा. आणि काढला की पळायचं, लढायला थांबायचं नाही. पण खरा वेळ जातो आवाजावर. तायक्वांदोत प्रत्येक जोराच्या फटक्याबरोबर 'किहाप' असतो, पोटातून काढलेली आरोळी. आम्ही तिच्याऐवजी शब्द घातले : "हात काढा! कंडक्टर, गाडी थांबवा!" सोपं वाटतं ना? मुलींबरोबर त्यांच्या आयांनाही बोलावलं. रोज गुरांवर, कोंबड्यांवर, पोरांवर ओरडणाऱ्या बायका, पण हे वाक्य म्हणताना घसा चिमणीचा. एक तर "हात काढा" म्हणून हसलीच, आणि मग "सॉरी" म्हणाली.

गाडी रुळावर आणली ती हर्णैच्या एका मावशींनी. लेकीची फी द्यायला आल्या होत्या, बंदरावर मासळी विकतात. दारातच म्हणाल्या, "हे काय गो पुटपुटताय?" आणि एकदा ओरडून दाखवलं. समोरच्या पानटपरीवरचे चौघे उठून उभे राहिले. त्यांना मी दर महिन्याला एक तास लावला, मानधन देऊन. आम्ही मोजायला वापरतो ते कोरियन अंक त्यांना येत नाहीत, काही अडत नाही.

पत्रकावरचं ते वाक्य काढलं. मुलींची संख्या पहिल्यांदा घटली, कारण त्याच सुमारास दुसऱ्या एका क्लासनं चौदा महिन्यांत काळा पट्टा द्यायला सुरुवात केली. आमच्याकडे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत निदान चार वर्षं, आणि पंधराच्या आतल्या मुलांना कोरियाच्या कुक्कीवॉन या तायक्वांदोच्या मुख्य संस्थेच्या नियमानं काळ्या पट्ट्याची 'दान' श्रेणी नाही, मुलांची 'पूम' मिळते, पट्टा अर्धा लाल अर्धा काळा. एका वडिलांनी तोंडावर विचारलं, "आम्ही पैसे पूर्ण दिले, पट्टा अर्धा का?" नऊ मुलं गेली. त्यांतली चार परत आली. बाकीच्यांचं काय झालं ते मी विचारत नाही.

२०१७ मध्ये कर्ज काढून स्वतःची पत्र्याची शेड उभी केली, साठ मॅट घेतल्या. २०२० मध्ये आधी टाळेबंदी, मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ. दुपारी दोन तासांत शेडचे पत्रे गेले, मॅट शेजारच्या सुपारीच्या वाडीत विखुरल्या. अर्ध्या झाडांखाली, काही झाडांवर. वीज तर आठवडेच्या आठवडे नव्हती. पंचनाम्याला आलेल्या माणसानं मॅट म्हणजे काय ते समजून घेतलं, कागद उलटसुलट केला आणि 'गादी' लिहिलं. चार दिवसांनी मोठी मुलं तोंडाला फडकी बांधून आली आणि वाडीतून मॅट गोळा करायला लागली. हाना, दुल, सेत, नेत असं दहापर्यंत कोरियनमध्ये मोजायचे, पुढं येत नाही म्हणून परत हाना. चार वेळा दहा आणि वर सात. सत्तेचाळीस सापडल्या. आमच्या आठ तेगुक पूमसेंपैकी, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमांपैकी, पाचवा वाऱ्याचा मानतात. तो शिकवायला घेतला की ही मुलं अजून एकमेकांकडे बघतात.

कर्ज गेल्या वर्षी फिटलं. सध्या त्र्याऐंशी मुलं आहेत. पावसाळ्यात अजूनही मॅट व्हिनेगरनं पुसाव्या लागतात, आणि चुलीवरच्या दोरीला वाळवलेल्या डोबोकांमुळे जुलैत सगळा क्लास धुरानं आणि सुकटीनं घमघमतो. शनिवारी बायका फार ओरडतात अशी मध्यंतरी शेजारून तक्रार आली, म्हणून वेळ साडेपाचऐवजी साडेचारची केली. ओरडणं तेवढंच.

नवी तुकडी नेहमीप्रमाणे गणपतीनंतर. डोबोक लगेच शिवू नका, पहिला महिना ट्रॅक पँटवर या. शनिवारी मात्र साडीत आलात तरी चालेल, उलट तशाच या. एसटीत तुम्ही साडीतच असता.