साडेआठची नोंद

आपल्या शाळेत सकाळी साडेआठला पाऊस मोजला जायचा. शाळा भरायची अकराला. पण हवामान खातं देशभर साडेआठला नोंद घेतं, तर आपणही तेव्हाच घ्यायची, असं भूगोलाच्या सरांनी ठरवलं होतं. 1984 च्या जूनमध्ये मी आठवीत आले आणि सरांनी ते काम माझ्याकडे दिलं. माण तालुक्यातल्या शाळेत आठवीच्या मुलीकडे पावसाची वही देणं तेव्हा साधं नव्हतं. त्या वेळी आम्ही मुली घरी पाणी भरत असायचो. सर आईशी बोलले आणि माझी पाण्याची खेप तासभर आधी सुरू झाली.

आपला पर्जन्यमापक विकतचा नव्हता. बाजारात पत्र्याचे डबे करणाऱ्याकडून सरांनी 127 मिलिमीटर तोंडाचं नरसाळं करून घेतलं होतं, खाली बाटली. मोजपात्र प्रयोगशाळेतलं, म्हणजे मिलिलिटरचं. मिलिलिटरचे मिलिमीटर कसे करायचे, हे सरांनी सांगितलं नाही. "वर्तुळाचं क्षेत्रफळ काढता येतं ना?" एवढंच विचारलं. आकडेमोड करून शेवटी उत्तर आलं: बाटलीत साडेबारा मिलिलिटरहून जरा जास्त पाणी असलं की एक मिलिमीटर पाऊस. गणिताच्या पुस्तकातलं ते सूत्र कशासाठी असतं, हे मला तेव्हा समजलं.

पाऊस नसेल त्या दिवशीही वहीत शून्य लिहायचं, हा सरांचा कडक नियम. माणमध्ये पावसाळ्यातलेही कितीतरी दिवस कोरडे, त्यामुळे पानंच्या पानं शून्यांची. सर म्हणायचे, "रकाना रिकामा ठेवलास तर पाऊस पडला नाही, की कुणी बघितलाच नाही, हे पुढच्या माणसाला कसं कळणार?" बहात्तरच्या दुष्काळात सरांनी स्वतः दुष्काळी कामावर खडी फोडली होती, सुकडी खाऊन दिवस काढले होते. त्याविषयी ते फारसं बोलत नसत. पण जिल्ह्याच्या सरासरी पावसाचा आकडा कुणी सांगितला की त्यांना राग यायचा. महाबळेश्वर सातारा जिल्ह्यातलं, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर. माणही सातारा जिल्ह्यातलं, इथे पाचशेच्या आसपास. या दोन्हींची सरासरी काढून माणच्या शेतकऱ्याला काय सांगणार? सरांचा हा राग मला अजूनही योग्य वाटतो.

दुसऱ्या वर्षीच्या मृगातली गोष्ट. रात्री चांगला पाऊस झाला होता. मी नोंद घेत असताना आमच्या वस्तीवरचे तात्या कुंपणापाशी आले आणि सरांना म्हणाले, "मास्तर, पेरू का?" सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वही तिच्याकडं आहे, तिला विचारा." तात्या आबांपेक्षाही मोठे. मी अंगठ्याने माती उकरत उभी. सर काही बोलेनात, मला सुचवेनात, नुसते थांबले. शेवटी मी म्हणाले, "तात्या, आतापर्यंत सगळा मिळून एकतीस झालाय. पंच्याहत्तर तरी होऊ द्या." तात्यांनी सरांकडे पाहिलं, सर तरीही गप्प. मग तात्यांनी मलाच विचारलं, "आन् न्हाई झाला तर?" मी म्हणाले, "तर बी तरी घरात राहील."

त्या पावसाळ्यात तात्या दर सरीनंतर आमच्या दारात येऊन विचारायचे, "आज किती झाला गं?" मग आणखी माणसं विचारू लागली. आमच्या घरात तोवर मुलीला कुणी काही विचारत नसे. सर मध्ये बोलले असते तर उत्तर तेच मिळालं असतं, पण मग ते माझं राहिलं नसतं. पुढे अनेक बैठकांत मी एकटी बाई होते. समोरच्या पुढाऱ्याला न आवडणारा आकडा सांगताना माझा आवाज कापला नाही, याची तालीम त्या कुंपणापाशी झाली होती.

नववीत सरांनी आणखी एक हिशेब घातला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर, हेक्टरवर दहा हजार लिटर. आपल्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटर पडतो, म्हणजे हेक्टरी पन्नास लाख लिटर. "एवढं पाणी पडतं, तर उन्हाळ्यात तुमच्या आया घागरी घेऊन का हिंडतात?" वर्गात कुणालाच उत्तर देता आलं नाही. मग सुतळीला हाताहातावर गाठी मारून आणि टोकाला दगड बांधून आम्ही विहिरी मोजायला लागलो. प्रत्येकाने आपल्या वस्तीवरची विहीर मोजायची आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी आकडा आणायचा. सर ते आलेखाच्या कागदावर मांडायचे: खाली पावसाचे खांब, वर विहिरींच्या रेघा.

त्या रेघांत आमची विहीर आणि शेजारच्या रानातली विहीर एकमेकींना धरून चालत नव्हत्या. मध्ये फक्त एक बांध, पाऊस तोच. आमची संक्रांतीला तळ गाठायची, त्यांच्या विहिरीत होळीपर्यंत पाणी. असं का, मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "मला माहीत नाही. पण हे शिकवतात. फर्ग्युसनला भूशास्त्राचा विभाग आहे." शिक्षकाच्या तोंडून "मला माहीत नाही" मी पहिल्यांदाच ऐकत होते.

बारावीनंतर आबा म्हणाले, "पोरगी येकटी पुण्यात कशी ऱ्हाईल?" सर संध्याकाळी घरी आले, जेवले आणि आबांना वही दाखवली. तीन पावसाळ्यांच्या नोंदी, एकही रकाना रिकामा नाही. "हिला काम दिलं की ती करते," एवढंच ते बोलले. आबांनी होकार दिला.

विहिरींचं उत्तर मला पुण्यात मिळालं. आमची विहीर थोड्या मुरुमाखाली अखंड काळ्या फत्तरात उतरली होती आणि त्या दगडात पाणी धरायला जागाच नसते. शेजारच्यांना मांजऱ्या दगड लागला होता, झिजलेला, सच्छिद्र. लाव्हाचे हे थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आणि आमच्या घरची घागर त्यांच्यावर अवलंबून! मी सरांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यांचं कार्ड आलं: "आता हे आबांना समजेल असं लिही."

पुढे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत नोकरी केली. राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. ग्रामसभेत ते आकडे सांगताना सरांचं ते कार्ड मी कायम डोळ्यापुढे ठेवलं. विंधन विहीर आणखी खोल न्या म्हणणाऱ्यांना खाली फत्तर आहे हे सांगणं सोपं नसतं, पण त्यांच्याच विहिरीची रेघ दाखवली की माणसं ऐकून घेतात.

सुवर्णमहोत्सवाला सर येणार आहेत असं कळलं, फार आनंद झाला. त्यांच्यासमोर मला मुख्याध्यापकांना एक विनंती करायची आहे. सरांच्या काळातल्या पावसाच्या वह्या कार्यालयातल्या कपाटात आहेत. त्यांचे फोटो काढून आकडे संगणकावर घ्यावेत. ते काम मी करून देईन. नवा पर्जन्यमापकही मी देते. फक्त जुन्या जागी तो बसवू नका, नवी इमारत दुमजली झाली आहे. इमारतीच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर हवं, म्हणजे मैदानाच्या पूर्वेच्या कडेला, लिंबाच्या झाडापासूनही लांब. आणि वही आठवीतल्या मुलीकडे द्या.