आमची वाटचाल: बांधायला आलं ते वाचलं

सांगलीत आमचं बाइंडिंगचं काम आहे, पुढं एक गाळा, मागं एक खोली, एक कटिंग मशीन, पुस्तकं दाबायचे दोन शिकंजे आणि शिलाईला बसणाऱ्या तीन बायका. सासऱ्यांनी 1974 साली सुरू केलं, त्यांना सगळे दादाच म्हणायचे. मी लग्न होऊन आले 1996 ला, आणि दोन वर्षं घरात बसून कंटाळले तसं दादांनीच सांगितलं की दुपारची येऊन घड्या घालत जा. तिथून सुरुवात झाली.

तेव्हा मुख्य काम म्हणजे रजिस्टरं, चोपड्या, पावती पुस्तकं, आणि उन्हाळ्यात वाचनालयांची पुस्तकं. शासनमान्य वाचनालयांना अनुदान हप्त्यानं येतं त्यामुळं बिल पण हप्ता आला की मिळायचं, पण पुस्तकं मात्र पोत्यानं यायची, पाठ सुटलेली, कसर लागलेली, कोपरे झिजून पान नंबर उडालेली.

आणि त्यातच माझी पहिली मोठी चूक झाली. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा एक गठ्ठा आला होता, हजारावर पुस्तकं लिहिली त्यांनी, त्यातली दहाबारा असतील. एका पुस्तकाचे पान नंबर गेलेले, मी अंदाजानं फर्मे लावले आणि शेवटचा फर्मा मधे शिवला. एक फर्मा म्हणजे सोळा पानं. वाचनालयातून एक आजोबा स्वतः पुस्तक घेऊन गाळ्यावर आले, रागावले नाहीत पण म्हणाले, बाळ, खुनी कोण ते मला निम्म्यातच कळलं, आता पुढचं कशाला वाचू. मला रात्री झोप आली नाही. दादा काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले की ज्याचे नंबर गेलेत ते आधी वाच आणि मग शिव. म्हणून मी वाचायला लागले. त्याआधी बारावीपर्यंतची क्रमिक पुस्तकं सोडली तर मी फार काही वाचलेलं नव्हतं हे खरं आहे.

वाचनाला काही क्रमच नव्हता, जे पोत्यातून निघेल ते. आज ऐतिहासिक, उद्या पाककृती, परवा कुणाचं आत्मचरित्र. त्यामुळं माझी मतं पण अशीच आहेत, कुणाला पटतील न पटतील.

स्मृतिचित्रे हे मी पूर्ण वाचलेलं पहिलं मोठं पुस्तक. लक्ष्मीबाई टिळकांचं लग्न झालं तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, आणि त्याच बाईनं पुढं 1934 मधे पहिला भाग छापून आणला हे मला दादांनी सांगितलं तेव्हा विश्वास बसेना. वडिलांचं ते सोवळ्याचं वेड, नवऱ्याचं अचानक निघून जाणं, त्यानं धर्म बदलला तेव्हा बाईचं कोलमडणं आणि मग स्वतःच्या विचारानं हळूहळू तिकडं जाणं, सगळं अशा भाषेत की शेजारची काकू ओट्यावर बसून सांगतीये. कुठं रडगाणं नाही. मला अजून वाटतं की मराठीत लिहायला शिकायचं असेल तर हे एकच पुस्तक पुरे आहे.

मृत्युंजयचं उलट झालं. ते आमच्याकडं सारखं येतं कारण लोक ते खरोखर झिजवतात, जाड पुस्तक, मधे दुभंगतं. सगळे भारावून बोलतात पण मला ती भाषा जड वाटली, भरजरी शालू रोज नेसावा तशी. फक्त वृषाली बोलते तो भाग मी दोनदा वाचला, कारण कर्णाच्या घरात राहणाऱ्या बाईचं काय होत असेल हे कुणीतरी विचारलं तरी.

रुचिराची तर वेगळीच गंमत. वाचनालयाची रुचिरा आली की पानांवर हळदीचे डाग असणारच, आणि कुठल्या पानावर डाग जास्त ते बघून गावात काय केलं जातं ते कळतं. आमच्याकडं आलेल्या प्रतींत चकलीचं पान कायम सुटलेलं. कमलाबाई ओगल्यांनी मापं वाटी-चमच्यात दिली, ग्रॅममधे नाही, त्यामुळं माझ्यासारखीला पण पहिल्या झटक्यात जमलं. डाग पडलेलं पान मी पुसत नाही, दुसऱ्या बाईला त्यावरून विश्वास येतो.

साधारण 2003 पासून आम्ही दुपारी मोठ्यानं वाचायला लागलो. शिलाईला बसतो तेव्हा हात चालू असतात, कान मोकळे असतात. आमच्या आक्का वाळवा तालुक्यातल्या, त्यांना सही पुरतं येतं. फकिरा लावलं, 1959 चं अण्णा भाऊ साठ्यांचं, तर पहिल्याच भागात राणोजी जत्रेचा मान गावाला मिळवून देणारी जोगणी आणायला जातो तिथं आक्कांनी दाभण खाली ठेवलं. वाटेगाव म्हणजे आमच्याच तालुक्यातलं की, म्हणाल्या, आमची आजी असंच सांगायची. त्यांच्या तोंडून मी जी जत्रेची वर्णनं ऐकली ती पुस्तकात पण नाहीत. बटाट्याची चाळ मात्र शाळांच्या सीझनमधे वाचायचं बंद करावं लागलं, हसून हसून टाके वाकडे यायला लागले आणि काम मागं पडलं.

बलुतं हे दलित आत्मकथन मी मोठ्यानं वाचू शकले नाही. दया पवार त्यात दगडू पवारला बोलतं करतात, म्हणजे स्वतःलाच, आणि तो मुंबईच्या कावाखान्यातलं, गावातलं सगळं सांगत जातो. वाचताना मला माहेरच्या वाड्यातला मागच्या दारचा कोनाडा आठवला, तिथं एक कान तुटलेला कप असायचा, आणि तो वेगळा का ठेवलाय हे मी लहानपणी कधी विचारलंच नव्हतं. आईला फोन केला आणि विचारलं. आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, तुला आत्ता कशाला पायजे ते. मला उत्तर कळलं होतं. ते पुस्तक मी फुल कापडी बांधलं, बिल साध्या पुठ्ठ्याचंच लावलं, आणि वाचनालयाच्या सरांना सांगितलं की हे कपाटात मागं ठेवू नका.

आमच्या ह्यांना वाचनाचं वेड नाही. पण रारंगढांग त्यांनी एका रात्रीत संपवलं. हिमालयात रस्ता बांधणारा तरुण इंजिनिअर, लष्करी शिस्त एकीकडं आणि डोंगराला काय हवंय हे दुसरीकडं, आणि तो कामाच्या बाजूनं उभा राहतो, त्याची किंमत मोजतो. सकाळी चहा घेताना हे म्हणाले, उद्यापासून ते स्वस्तातलं डिंकाचं काम घ्यायचं नाही, जुजबंदीच करायची, म्हणजे फर्मे दोऱ्यानं शिवून बांधायचे. आणि खरंच आम्ही तसं केलं. दोन मोठी गिऱ्हाईकं गेली, कारण दुसरीकडं निम्म्या भावात होत होतं. पण शिवलेलं पुस्तक टेबलावर उघडं राहतं, नुसतं चिकटवलेलं उघडलं की पानं हातात येतात, एवढं ज्याला कळतं तो परत येतो.

2019 च्या ऑगस्टचं सांगितल्याशिवाय आमची वाटचाल पूर्ण होत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. 2005 चा पूर आम्ही बघितला होता म्हणून सगळी पुस्तकं तेव्हाच्या खुणेच्या वर ठेवली होती, पण पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. आठ दिवसांनी शटर उघडलं तेव्हा आत गुडघाभर गाळ, पुठ्ठे फुगून उकललेले, खळीच्या डब्यात चिखल. दोन वाचनालयांची मिळून तीनशेच्या आसपास पुस्तकं होती, लोकांची, आमच्या भरवशावर दिलेली.

भिजलं पुस्तक उन्हात टाकायचं नसतं, पान वेडंवाकडं आकसतं. मिरजेत नणंदेच्या हॉलमधे आम्ही फरशीवर चादरी घातल्या, पंखे लावले, दर आठदहा पानांमागं रद्दीचा कोरा कागद, दिवसातून चार वेळा तो बदलायचा. गुळगुळीत कागदाची पुस्तकं गेलीच, त्यांची वीट होते. साधा जुना कागद वाचतो. त्यातच बनगरवाडीची एक प्रत होती, मी बोथट सुरीनं एक एक पान सोडवत होते आणि सोडवत होते तसं वाचत होते. माडगूळकर आमच्याच जिल्ह्यातले, आटपाडीकडचे, माणदेशातले. पुस्तकाच्या शेवटी पाऊस नाही म्हणून अख्खं गाव उठून जातं, मेंढरं मरतात, मास्तर एकटा मागं राहतो. तो पाण्यावाचूनचा शेवट माझ्या हातात पाणी गळत होता. मी तिथंच बसून रडले, पुरात पण रडले नव्हते.

तीनशेतली एकशेचाळीस वाचली. बाकीची आम्ही जमेल तशी विकत घेऊन भरून दिली, त्याला दीड वर्ष लागलं, मधे लॉकडाऊन आला, रजिस्टरांचं काम तर कॉम्प्युटरनं आधीच संपवलं होतं. लॉकडाऊनमधे मुलीला तोत्तोचान, एका जपानी शाळकरी पोरीचं पुस्तक, वाचून दाखवलं, ते रेल्वेच्या डब्यातले वर्ग, आणि मुख्याध्यापक पहिल्या दिवशी त्या पोरीचं चार तास ऐकून घेतात. तिनं विचारलं, आई, तू माझं कधी चार तास ऐकलंयस का. तेव्हापासून रात्रीचं जेवण झाल्यावर गाळ्याचे फोन मी घेत नाही.

आता काम बदललंय. कॉलेजचे प्रबंध येतात, काळं रेक्झिन सोनेरी अक्षरं, त्यावर गाळ्याचं भाडं निघतं. आणि पुण्यामुंबईहून लोक कुरिअरनं घरची पुस्तकं पाठवतात, आजोबांची ज्ञानेश्वरी, आजीची पोथी. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद आम्ही अजून घालतो, दादांच्या मापानं.

ह्या आठवड्यात श्यामची आई आलीय. ठाण्याहून एका ताईंनी पाठवलीय, सोबत चिठ्ठी, की कडा कापू नका, समासात आजीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. साने गुरुजींनी हे नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, मी शाळेत वाचलं तेव्हा सगळ्यांसारखी रडले होते. आता आई होऊन वाचते तर पोहायला भिऊन लपलेल्या श्यामला ती मारते तिथं मला तिचा राग येतो, आणि पुढं ती त्याला का मारलं ते सांगते तिथं तो राग जातो. आजीची पेन्सिल पण नेमकी तिथंच आहे, एक उभी रेघ आणि बाजूला बारीक अक्षरात, मी पण मारलं होतं. कटिंग मशीनला लावलंच नाही, कडा तशाच ठेवल्यात. शिलाई झालीय, अस्तर वाळतंय, पावसाळी हवा आहे म्हणून एक दिवस जास्त लागेल असं ताईंना कळवलंय.